उकाड्याचे वाचन

दर वर्षी चैत्र सरत आला की मराठीत उन्हाळ्यावरच्या लेखनाला बहर येतो. एका बाजूस वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वीजबिल कमी करण्याचे दहा-बारा उपाय छापून येतात. दुसऱ्या बाजूस ललित लेखक माठातले पाणी, वाळ्याचा वास आणि वाड्यातले काळोखे माजघर यांच्या आठवणी काढतात, आणि जाता जाता वातानुकूलन यंत्राला, म्हणजे घरोघरी ज्याला नुसते 'एसी' म्हणतात त्याला, एखादा टोला हाणतात. पहिल्या प्रकारच्या लेखनात उपाय असतात पण कारणे नसतात. दुसऱ्यात हळहळ असते, पण कारणेही नसतात आणि उपायही नसतात. या दोहोंच्या मधली जागा रिकामी पडली आहे, आणि ती भरून काढण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकांनी अंगावर घ्यावे, असे आमचे मत आहे.

हे मत अनेकांना चमत्कारिक वाटेल. घरातला एसी कमी विजेत कसा चालवावा, हा प्रश्न अभियंत्याचा. त्यात साहित्याच्या माणसाने कशाला नाक खुपसावे? आमचे म्हणणे असे, की या प्रश्नात अभियांत्रिकी थोडी आहे आणि वाचन फार आहे. उकाड्यासाठी आपण वापरतो ते शब्द, यंत्रावर चिकटवलेले तारांकनाचे लेबल, खोलीची पश्चिमेकडची भिंत आणि महिन्याचे वीजबिल, हे आपल्या समोर पडलेले चार मजकूर आहेत. चारही उघड आहेत, चारही आपल्याच घरात आहेत, आणि चारही वाचल्यावाचून राहतात. पैसे जातात ते बहुतांशी या न वाचण्यापायी.

शब्दांपासून सुरुवात करणे आम्हांला सोयीचे आहे. 'उकाडा' हा शब्द 'उकडणे' या क्रियापदाच्या कुळातला. स्वयंपाकघरात वाफेवाचून कोणी काही उकडीत नाही. मोदक उकडतात, बटाटे उकडतात, त्यात पाणी असतेच. याउलट 'अंगाची लाही लाही होणे' हा प्रयोग भट्टीतला आहे. लाही कोरड्या तापलेल्या कढईत फुटते, तिथे वाफेला वावच नसतो. 'झळ' हा शब्दही त्याच कोरड्या कुळातला. म्हणजे किनाऱ्यावरचा दमट ताप आणि विदर्भ-मराठवाड्यातला कोरडा ताप या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या भाषेने स्वयंपाकघराच्याच आधाराने कधीचे नोंदवून ठेवले आहे. मुंबईकर उकडून निघतो, नागपूरकराची लाही होते.

हा भेद निव्वळ शब्दांचा नाही. त्याला थेट पैशांची बाजू आहे. माणसाचे शरीर घाम वाळवून स्वतःला थंड ठेवते. हवा कोरडी असेल तर घाम झरझर वाळतो, आणि याच न्यायाने ओल्या वाळ्यातून किंवा गवताच्या जाळीतून शिरलेली हवाही थंड होते. कूलरचे सगळे तत्त्व एवढेच. खोलीतला साधा कूलर दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतो, तर दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड हजार वॅटच्या घरात जातो. तेव्हा अकोल्यात किंवा चंद्रपुरात एप्रिल-मे महिन्यांत ज्याच्याकडे चांगला कूलर आहे आणि पाण्याची सोय आहे, त्याने शेजाऱ्याच्या देखादेखी एसी घेण्यापूर्वी आपल्याला होते ती लाही की उकाडा, हे आधी ठरवावे. उलट दादरला किंवा रत्नागिरीला कूलर लावणे म्हणजे उकडत्या भांड्यात आणखी पाणी ओतणे होय. तिथे हवेतला ओलावा काढून टाकणे हेच खरे काम असते, आणि एसी आपल्या विजेचा मोठा हिस्सा त्यावरच खर्च करतो. भिंतीबाहेरच्या नळीतून ठिबकणारे पाणी ही त्या कामाची पावती. म्हणून दमट शहरात एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घालणे, खिडकीची फट उघडी ठेवणे, किंवा एसीबरोबर कूलरही चालवणे हे सारे एकाच प्रकारचे नुकसान आहे: एका हाताने ओलावा आत घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने पैसे देऊन तो बाहेर काढायचा. पावसाळ्यात ताप फारसा नसून केवळ चिकचिक असते, तेव्हा रिमोटवरचा 'ड्राय' हा पर्याय त्यासाठीच दिलेला असतो. तो किती घरांत वापरला जातो, हे वाचकांनी आपापल्या मनाशी ठरवावे.

एसी मुळात हवा कोरडी करण्यासाठीच जन्मला, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना विशेष आवडावी. कारण त्याचा पहिला लाभार्थी माणूस नव्हता, छापील कागद होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमट हवेने कागद फुगे, आणि एकावर एक चढवायचे रंग जागेवर बसत नसत. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने त्या छापखान्यासाठी हवेतला ओलावा ताब्यात ठेवणारी योजना आखली. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दप्रयोग आला तो १९०६ मध्ये, आणि तोही अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्टुअर्ट क्रेमर या अभियंत्याकडून. त्याला चिंता होती ती सुताची. कागद आणि सूत यांच्यासाठी जे योजले गेले, ते माणसाच्या शयनगृहात पुढे आले. आपण मराठीत त्याला 'वातानुकूलन' म्हटले, म्हणजे हवा अनुकूल करून घेणे. शब्द चांगलाच साधला आहे, कारण त्यात 'थंड' हा शब्द कोठेही नाही. 'थंड' आपण व्यवहारात घुसडला आणि तिथून गोंधळ सुरू झाला.

एसी थंडी तयार करीत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. गळक्या होडीत बसून पाणी उपसणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा; एसीचे काम नेमके तेच आहे. भिंतीतून, छपरातून, काचेतून, दाराच्या फटीतून आणि घरातल्या माणसांच्या अंगांतून उष्णता खोलीत झिरपत असते, आणि यंत्र ती उपसत असते. दुकानात आपण 'दीड टन' म्हणतो तो या उपशाचा वेग. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन, साधारण साडेतीन किलोवॅट. यंत्रे येण्यापूर्वी गारवा बर्फाच्या वजनावर विकला जाई. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ १८३३ मध्ये जहाजाने कलकत्त्याला आला, पुढे मुंबईलाही येऊ लागला. त्या व्यापाराची आठवण आपल्या भिंतीवरच्या यंत्राने टनाच्या रूपाने जपून ठेवली आहे.

उपशाची ही उपमा मनात ठेवली की रिमोटचे व्याकरण आपोआप उलगडते. रिमोटवरचा आकडा उपशाचा वेग सांगत नाही, होडी किती कोरडी हवी ते सांगतो. बाहेरून घामाघूम होऊन आलेला माणूस आकडा १८ वर नेतो, कारण त्याला वाटते की खोली लवकर गार होईल. जुन्या पद्धतीच्या यंत्राला वेग एकच असतो. ते १८ वर लावले काय किंवा २६ वर लावले काय, पहिली दहा मिनिटे सारख्याच वेगाने चालते. फरक नंतर पडतो. २६ वर लावलेले यंत्र काम संपवून थांबते. १८ वर लावलेले यंत्र, पश्चिमेची भिंत तापलेली असेल तर, रात्रभर थांबतच नाही. नव्या 'इन्व्हर्टर' यंत्राचा वेग कमी-जास्त होतो. उष्णता कमी झिरपू लागली की ते हळू चालते आणि वीज वाचवते. परंतु ज्या पातळीला पोहोचणे त्याला शक्यच नाही, ती पातळी आपण मागितली, तर त्याला हळू होण्याची संधी कधी मिळायची? इन्व्हर्टर घेऊन १८ वर लावणारा माणूस वेग बदलण्याची किंमत मोजून एकाच वेगाचे यंत्र वापरत असतो.

आकडा एका अंशाने वर नेला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब आहे. याच संस्थेच्या नियमामुळे १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना आपसूक २४ वर सुरू होतात. आम्ही त्यापुढे जाऊन म्हणू की २६ आणि छताचा पंखा हे जोडपे एकट्या २३ पेक्षा सुखाचे आहे. पंखा खोली थंड करीत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो, आणि त्यामुळे दोनतीन अंशांचा फरक जाणवतो. जुना पंखा पाऊणशे वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. जो पंखा माणसाला गार करतो, तो माणूस खोलीबाहेर गेल्यावर कोणाला गार करणार? तेव्हा तो बंद करावा, हेही यातच आले.

आता 'गॅस'. दर उन्हाळ्यात मेकॅनिक येतो, मान हलवतो आणि 'गॅस कमी झालाय' असे सांगून काही हजार रुपये घेऊन जातो. आपण स्वयंपाकाच्या गॅसवरून अर्थ लावतो आणि गॅस म्हटला की तो संपणारच, असे धरून चालतो. एसीतला वायू जळत नाही, खर्चही होत नाही. तो बंद नळ्यांत गोल गोल फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता वायू भरणे म्हणजे पुढच्या वर्षाचे आमंत्रण आजच देऊन ठेवणे. मेकॅनिकला विचारायचा प्रश्न एकच: गळती कोठे सापडली आणि ती बुजवली का? वस्तुतः यंत्राची निगा फार थोडी असते. हंगामात दर पंधरवड्याला आतल्या फिल्टरवरची धूळ पाण्याखाली धुवावी; बाहेरच्या युनिटला मोकळी हवा मिळू द्यावी. चोरीच्या किंवा कबुतरांच्या भीतीने त्याला चारही बाजूंनी कोंडून टाकले, तर त्याने बाहेर टाकलेली गरम हवा त्याच्याच नाकात परत जाते.

इथवर यंत्राविषयी झाले. पण होडीत पाणी शिरतेच कोठून, हा प्रश्न यंत्राच्या आधीचा आहे आणि घरखर्चाच्या दृष्टीने त्याच्याहून मोठा आहे. रात्री दहा वाजता खोली का तापलेली असते? सूर्य तर सातलाच मावळला. उत्तर भिंतीत आहे. दुपारी तीनपासून मावळेपर्यंतचे तिरपे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर सरळ पडते. विटा आणि काँक्रीट ते साठवून ठेवतात आणि आपण झोपायला येतो त्या वेळी आत सोडू लागतात. वरच्या मजल्यावर हेच काम गच्ची करते. म्हणजे रात्री आपण जी उष्णता विकतच्या विजेने उपसतो, ती दुपारची असते आणि दुपारीच अडवता आली असती. खिडकीच्या आतला पडदा हे काम अर्धवटच करतो, कारण ऊन काचेतून आत आले की ते आतच राहते. अडवायचे ते काचेच्या बाहेर: छज्जा, बांबूची चिक, वेल, किंवा साधे हिरवे कापडसुद्धा. गच्चीवर उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याचा पांढरा हात मारला की सूर्यप्रकाशाचा बराचसा भाग परत जातो. अहमदाबादेने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला, आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम त्याला जोडला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. चुन्याच्या डब्याची किंमत एसीच्या एका सर्व्हिसिंगपेक्षा फार नसते.

वास्तुरचनेला हे ठाऊक नव्हते असे नाही. चार्ल्स कोरिया यांची मुंबईच्या कंबाला हिलवरची 'कांचनजंगा' ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा आणि समुद्राचे दर्शन पश्चिमेकडून मिळते, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा यांचीही दिशा तीच. कोरियांनी घरांना दोन मजले उंचीच्या खोल बागगच्च्या दिल्या. जुन्या बंगल्याचा व्हरांडा त्यांनी आकाशात नेला. वारा आत येतो, ऊन गच्चीतच थांबते. ती घरे श्रीमंतांची, हे खरे. परंतु त्यामागचा विचार पडवीचा आहे, आणि पडवी कोकणातल्या साध्यात साध्या घराला असे. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत आपण सदनिकांच्या गच्च्या आत घेतल्या, बाल्कन्यांना सरकत्या काचा बसवल्या, आणि सावलीचा एकेक हात खोलीच्या क्षेत्रफळात जमा केला. चौरस फुटांचा भाव आपण चोख वाचला. त्या चौरस फुटांनी विजेच्या बिलावर काय लिहिले, ते वाचले नाही.

लेबलाचीही हीच तऱ्हा. तारांकनाची योजना २००६ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून गिऱ्हाईक दुकानात जाऊन तारे मोजू लागले. समीक्षकाने ग्रंथाला किती तारे दिले, यावर जो वाचक ग्रंथ विकत घेतो त्याला आपण हसतो. एसी घेताना मात्र आपण तेच करतो. ताऱ्यांखाली दोन आकडे छापलेले असतात आणि खरा मजकूर त्यांत आहे. पहिला आकडा हंगामी कार्यक्षमतेचा: यंत्राने वर्षभरात उपसलेली उष्णता भागिले खाल्लेली वीज. २४ ते ४३ अंशांच्या तापमानांचा विचार करून तो काढतात. जितका मोठा तितका बरा. दुसरा आकडा वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा, आणि त्याच्यामागे एक गृहीत दडलेले आहे: यंत्र वर्षाला १६०० तास चालणार. आता समजा, तीन तारे आणि पाच तारे यांच्या यंत्रांत लेबलानुसार वर्षाला २०० युनिटांचा फरक आहे. ज्याचा एसी एप्रिल-मे मिळून जेमतेम ३०० तास चालतो, त्याला हा फरक चाळीस युनिटांहूनही कमी पडेल आणि चढ्या किमतीची भरपाई व्हायला बरीच वर्षे लागतील. जो मुंबईत आठ महिने रात्रभर एसी लावतो, त्याने मात्र तीन ताऱ्यांचे यंत्र स्वस्त म्हणून घेणे हा शुद्ध तोटा आहे. शिवाय निकष दर काही वर्षांनी कडक होतात, आणि जुने पाच तारे नव्या मोजणीत चार किंवा तीन भरतात. तारा हा निरपेक्ष गुण नव्हे; तो कोणत्या वर्षाच्या कसोटीवर मिळाला, हे पाहिल्यावाचून त्याला अर्थ नाही. संदर्भावाचून अर्थ लावू नये, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच शिकवतो.

सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर म्हणजे वीजबिल. आपण त्यातली एकच ओळ पाहतो, भरायच्या रकमेची. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटांपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यावर चौथा. पहिल्यापेक्षा दुसरा टप्पा जवळजवळ दुप्पट महाग पडतो. '३०१ वे युनिट जळले की सगळे बिल महागात जाते' अशी एक समजूत आहे, ती चुकीची आहे. महाग दर त्या टप्प्यातल्या युनिटांनाच लागतो. परंतु याचीच दुसरी बाजू ध्यानात घेण्यासारखी आहे. एसीची युनिटे नेहमी ढिगाच्या वर बसतात. दिवे, पंखे आणि फ्रीज यांनी खालचे स्वस्त टप्पे आधीच भरून टाकलेले असतात.

हिशेब करून पाहू. एका घराचा एसीवाचून वापर महिन्याला १२० युनिटांचा आहे असे धरू. जुना दीड टनाचा एसी १६०० वॅट घेतो. तो तापलेल्या खोलीत १८ वर आठ तास न थांबता चालला, तर रात्रीची १२.८ आणि महिन्याची ३८४ युनिटे झाली, एकूण ५०४. खिडकीला बाहेरून चिक लावली, आकडा २६ वर नेला, पंखा जोडीला घेतला आणि कॉम्प्रेसर निम्मा वेळ थांबू लागला, तर एसीची ६.४ आणि पंख्याची ०.६ मिळून रात्रीची ७, महिन्याची २१० आणि एकूण ३३० युनिटे झाली. वाचलेली १७४ युनिटे सगळी वरच्या, महाग टप्प्यांतली आहेत. वापर एकतृतीयांशाने घटला. विजेच्या आकाराची रक्कम त्याहून अधिक घटली. शिवाय वहन आकार आणि इंधन समायोजन आकार हेही युनिटांवरच लागतात, आणि वीज शुल्क त्या सगळ्यांवर चढते. ही बचत ज्या हिशेबाने होते तो चौथीच्या मुलाला जमण्यासारखा आहे. अडते ते गणितापाशी नव्हे, बिलाच्या मागच्या बाजूला नजर न टाकण्यापाशी.

ही रक्कम किरकोळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्याच महाविद्यालयातल्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांकडे पाहावे. त्यांना शिकवलेल्या तासांचे पैसे मिळतात आणि मे महिन्यात तास नसतात. बिल सर्वांत मोठे येते ते नेमके त्याच महिन्यात. घरात म्हातारी आई असेल किंवा तान्हे मूल असेल, तर एसी बंद ठेवा असे त्या माणसाला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? तेव्हा 'एसी ही चैन, ती सोडा' हा उपदेश आम्हांला मान्य नाही. रात्रीचे तापमान उतरेनासे झाले आहे, आणि झोप ही चैन नव्हे.

यावर गतस्मृतींचा पक्ष म्हणेल, की वाड्यात हे काहीच लागत नव्हते. जाड भिंती, चौक, उंच छप्पर आणि माजघर यांचे गुण आम्ही नाकारीत नाही. वर ज्या भिंतीची आणि पडवीची रदबदली आम्ही केली, ती त्याच गुणांची आहे. पण गारवा त्या काळीही फुकट नव्हता. वाळ्याच्या ताट्यांवर दुपारभर पाणी शिंपडणारे कोणीतरी असे. साहेबाच्या बंगल्यात छताच्या पंख्याची दोरी ओढणारा पंखेवाला बाहेर व्हरांड्यात, उकाड्यातच, बसलेला असे. आणि माजघर गार असले तरी चुलीपुढची बाई गार नव्हती. 'ऋतुसंहार' ग्रीष्माने सुरू होते आणि त्यात दुसऱ्याच श्लोकात जलयंत्रांनी गार केलेले घर येते. ते यंत्र चालवणारा मात्र त्यात येत नाही. जुनिचिरो तानिझाकी या जपानी लेखकाचा सावलीच्या सौंदर्यावरचा १९३३ सालचा निबंध जगभर वाचला जातो. तो सुरू कोठून होतो? घर बांधताना विजेच्या तारा आणि नळ कोठून न्यावेत, या व्यवहारी अडचणीतून. त्याची हळहळ खरी वाटते ती त्यामुळेच. आमच्याकडच्या हळहळीला तारही नसते आणि बिलही नसते.

पंखेवाल्याची जागा आज बाहेरच्या युनिटाने घेतली आहे. खोलीतून उपसलेली उष्णता, अधिक यंत्राने खाल्लेल्या विजेची उष्णता, एवढे सगळे ते गल्लीत ओतते, आणि गल्लीत ज्याच्याकडे एसी नाही त्याची खिडकी उघडी असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यानुसार तेव्हा देशातल्या आठ टक्के घरांतच एसी होता. हे प्रमाण वाढत जाणार आणि ते वाढणे न्याय्यही आहे. म्हणूनच ज्यांच्याकडे तो आधी आला, त्यांनी तो कमीत कमी उष्णता बाहेर टाकील असा चालवणे, हा काटकसरीचा नव्हे, शेजारधर्माचा भाग होतो. आत फिरणाऱ्या वायूचेही तसेच. जुना आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो. आर-४१० वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून अधिक उष्णता अडकवतो, आर-३२ त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी. गळती न शोधता दर वर्षी वायू भरणारे घर आपले पैसे आणि सर्वांचे आकाश एकाच नळीतून सोडत असते.

आता आमच्या मूळ सूचनेकडे वळू. पदवीच्या अभ्यासक्रमांत 'व्यावहारिक मराठी' किंवा 'उपयोजित मराठी' या नावाची अभ्यासपत्रिका अनेक विद्यापीठांत आहे. तिच्यात विद्यार्थी अर्ज लिहितात, इतिवृत्त लिहितात, जाहिरातीचा मसुदा करतात. हे सारे लेखन आहे. व्यवहारातल्या मजकुरांचे वाचन त्यात जवळजवळ नाही. एक वीजबिल, एक तारांकनाचे लेबल आणि एक एसीची माहितीपुस्तिका वर्गात ठेवून पाहावी. 'वहन आकार' म्हणजे काय हे वर्गातल्या किती जणांना सांगता येते? सांगता येत नसेल तर दोष वाचकाचा किती आणि त्या भाषेचा किती? 'स्थिर आकार' आणि 'वीज आकार' यांतला भेद नव्या गिऱ्हाइकाला एका वाक्यात समजेल असा लिहून दाखवावा. माहितीपुस्तिकेतले यंत्राने केल्यासारखे वाटणारे मराठी दुरुस्त करून घ्यावे. मग तोच विद्यार्थी घरी जाऊन आईवडिलांना मागच्या बारा महिन्यांच्या वापराचा बिलावरचा आलेख वाचून दाखवील, आणि एप्रिलपासून उभ्या राहणाऱ्या खांबांचे कारण विचारील.

साहित्याच्या विभागांना समाजात काय उपयोग, हा प्रश्न आपल्याला हल्ली वारंवार विचारला जातो, आणि आपण संस्कृती, संवेदना वगैरे मोठी उत्तरे देतो. ती उत्तरे खोटी नाहीत. त्यांच्या जोडीला एक लहान उत्तर असायला हरकत नाही: आम्ही वाचायला शिकवतो, आणि ज्या घरात वाचता येते त्या घराचे मे महिन्याचे बिल कमी येते. पुढच्या जूनमध्ये अभ्यासमंडळांच्या बैठका होतील तेव्हा निदान एका विद्यापीठाने एका घटकाच्या चार तासिका या कामी द्याव्यात, एवढेच आमचे मागणे आहे. चिक मात्र त्याआधी, चैत्रातच, खिडकीच्या बाहेरच्या बाजूस लावून घ्यावी.